महमुदाच्या पावलाचा कागद

सुट्टीवर जायला महिना उरला की नजीब नाखव्याच्या खोलीचं गोदाम होतं. बहारीनच्या हूरा वस्तीत एका तिसऱ्या मजल्यावर तो आणि नेल्लूरचा गुरुप्रसाद असे दोघं राहतात, दोघंही जनाबियाच्या बंगल्यांतले एसी दुरुस्त करणारे. सुट्टीच्या महिन्यात मात्र त्यांना पाय टाकायला जागा उरत नाही. खारशेतचा माणूस घरी निघाला की बहारीनमधल्या सगळ्या खारशेतवाल्यांच्या पिशव्या त्याच्याकडे येऊन पडतात. दूधपावडर, बाम, अत्तर, बदाम, कुणाच्या सासऱ्यासाठी ब्लडप्रेशरचं मशीन. प्रत्येक पिशवीवर मार्करने नाव घातलेलं, आणि नजीबच्या हातात हुकाचा वजनकाटा. तीस किलो विमानाच्या पोटात, सात किलो हातात, त्यावर बदामाचा एक दाणाही नाही.

सगळ्या खारशेतवाल्यांच्या पिशव्या असं म्हटलं खरं, पण ते खोटं आहे. अर्ध्यांच्याच येतात. रायगडच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात एकशेसाठ घरं आणि जमाती दोन, एक नाखव्यांची, एक मुकादमांची. दवाखान्यात डॉक्टर नाही, शाळेच्या छपरातून आभाळ दिसतं, पण जमाती दोन पाहिजेत. गावात दोन म्हणून बहारीनमध्येही दोन. इथे सगळे मिळून चाळीस माणसं नाहीत, तरी व्हॉट्सॅपचे ग्रुप दोन, रोजे सोडण्याचे कार्यक्रम दोन. नाखव्याने मुकादमाचं सामान न्यायचं नाही, मुकादमाने नाखव्याचं न्यायचं नाही. नेलं तर जमातीबाहेर.

आणि हे सगळं कशावरून, तर एका भांड्यावरून.

तेव्हा जमात एकच होती आणि तिची तांब्याची मोठी देग होती. दोन माणसं आत बसतील एवढी. गावात कुणाचंही लग्न असो, जेवण त्याच देगेत शिजायचं. दोन हजार चारच्या मे महिन्यात एकाच दिवशी दोन लग्नं निघाली, एक नाखव्यांचं आणि एक मुकादमांचं. देग पहिली कुणाला? म्हाताऱ्यांनी बसून सांगितलं असतं तर पंधरा मिनिटांचं काम होतं. पण तीस वर्षांचा एक तापट नाखवा उठला आणि त्याने देग ठेवलेल्या सामानाच्या खोलीला कुलूप घातलं. मग काठ्या निघाल्या, अकरा डोकी फुटली, कोर्ट झालं, कबरस्तानातसुद्धा मधे भिंत आली. कुलूप घालणारा तो नाखवा म्हणजे नजीब. त्याला त्याचा अभिमान होता. बरीच वर्षं होता.

त्याची धाकटी बहीण महमुदा मुकादमांकडे दिलेली. त्या संध्याकाळी ती तीन वर्षांच्या राहीलला कडेवर घेऊन धावत आली. "भाऊ, कुलूप काढ रे. दोन्ही घरची पोरं मरतील." नजीब म्हणाला होता, "तू आता मुकादमांची. या उंबऱ्याला पाय लावू नकोस."

तिने लावला नाही. आई गेली तेव्हाही ती पायरीखाली अंगणात उभी राहिली आणि तिथूनच परत गेली.

यंदा नजीब शनिवारी दुपारच्या विमानाने निघणार होता. आदल्या दिवशी, शुक्रवारी, जुम्म्याची नमाज झाली, जेवण झालं आणि गुरुप्रसादने त्याचा हात धरला.

"नजीबभाई, चलो. हमारे हीरो का पिक्चर लगा है. तीन बजे का शो."

"मला तेलुगू कळत नाही रे बाबा."

"समझना क्या है? दो खानदान हैं, मारते हैं. बस."

नजीब गेला. थिएटरात पडद्याखाली इंग्रजी ओळ, तिच्याखाली अरबी, आणि कानाशी गुरुप्रसादची हिंदी. नदीच्या अल्याड एक घराणं, पल्याड दुसरं. पांढऱ्या लुंग्या, तेल पाजलेल्या मिश्या, प्रत्येक मिशीमागे पंधरा जीपगाड्या. हीरोने एका हाताने बैलगाडी उचलली तेव्हा पुढच्या रांगांनी कागदाचे कपटे उधळले.

"ये बैलगाडी खाली है क्या?" नजीबने विचारलं.

"भाई, लॉजिक बाहर छोड़ के आने का."

मध्यंतराला दोघं पॉपकॉर्नच्या रांगेत उभे राहिले. पुढचा उंच पोरगा वळला आणि नजीबच्या हातातलं पाकीट खाली पडलं. हनुवटी थेट महमुदाची. राहील तीन वर्षं बहारीनमध्ये होता, मुहर्रकला विमानतळावर सामान चढवायच्या कामाला, हे नजीबला माहीत होतं. हूऱ्यातून तिथे टॅक्सीने वीस मिनिटं. तीन वर्षांत मामा-भाचे दोनदा समोरासमोर आले होते आणि दोन्ही वेळा मामाने रस्ता ओलांडला होता. इथे ओलांडायला रस्ता नव्हता, मागे चाळीस माणसांची रांग होती.

राहीलने पाकीट उचलून दिलं. "सलाम, मामू."

"वालेकुम," नजीब म्हणाला.

गुरुप्रसाद खूश. "अरे, आपका भांजा! मेरे को बोला नहीं कभी!" आणि दोन मिनिटांत त्याने राहीलचा नंबरही घेतला, कारण राहीलबरोबर त्याचे दोन तेलुगू सोबती होते आणि गुरुप्रसादला दर शुक्रवारी कंपनी हवी होती.

"मामू, तुमी उद्या जाताय," राहील म्हणाला. "अम्मीसाठी चपला घेतल्यात. नेताल?"

"तुझ्या मुकादमांतला कोण जात नाही का?"

"जातो ना. आमच्यातला एक अंकल बुधवारी जातो."

"मग त्याच्याकडे दे."

"देईन. सामान कुणाकडूनही जाईल." राहीलने खिशातून घडी घातलेला कागद काढला. "पुढच्या रविवारी तुमच्या भाचीचा, मेहरीनचा निकाह हाय. अम्मी कुणाला काय बोलत नाय. पण मंडपवाल्याला तिने दोनदा सांगितलं, पुढची एक खुर्ची रिकामी ठेव. तो विचारतो कुणाची, तर ही गप्प. मला सामान पाठवायचं नाय, मामू. मला तुमाला पाठवायचंय."

नजीबच्या कपाळाची शीर उठली. "हे शिकवून पाठवलंय तुला?"

"मला काय माहीत तुमी पिक्चरला याल? तुमी तर पिक्चर बघत नाय."

"मग हा कागद खिशात कसा?"

"काल दुकानात माप दाखवायला नेला होता." राहीलने तो उलगडून त्याच्या हातात दिला. जुनी पद्धत. वर्तमानपत्रावर पाय ठेवायचा, पेनने भोवती रेघ मारायची आणि आखाताला जाणाऱ्याबरोबर कागद पाठवायचा. फोनवरच्या फोटोत पायाचं माप कळत नाही, म्हणून ही पद्धत अजून टिकली आहे. "बघा, बाजूला सूज हाय म्हणून तिने दुसरी रेघ मारली. संध्याकाळचा पाय एवढा होतो."

घंटा वाजली, दिवे मंदावले, रांग एकदम आत ढकलली गेली. नजीब आपल्या खुर्चीत येऊन टेकला तेव्हा कागद त्याच्याच हातात राहिला होता.

मध्यंतरानंतर पडद्यावर फार रक्त सांडलं. मग एक प्रसंग आला. हीरोची बहीण पल्याडच्या घरात दिलेली. भाऊ जखमी होऊन नदीत पडलाय आणि ती काठावर तांब्या घेऊन उभी आहे. भाऊ पाणी घेत नाही. मान ताठ करून रक्त गाळत तसाच निघून जातो, आणि मागे दोनशे ढोल वाजतात. थिएटर उभं राहून शिट्ट्या मारत होतं. गुरुप्रसादच्या डोळ्यांत पाणी.

नजीब बसून होता. त्याला पहिल्यांदा पडद्यावरच्या माणसाचा राग आला. एवढा मोठा बाप्या, आणि बहिणीच्या हातचं घोटभर पाणी पीत नाही, त्याला ढोल कशाला? आणि ती? तिला पुढच्या तासाभरात कुणी एक वाक्य दिलं नाही. तांब्या धरून उभी राहायची तेवढीच तिची नोकरी. शेवटी चाळीस माणसं मेली, उरलेल्या दोन मिश्यांनी एकमेकांना मिठी मारली आणि ती मागे उभी राहून हसली.

बाहेर ऊन कलायला आलं होतं. दोघं पायी निघाले.

"गुरु, तुमच्याकडे खरंच असं असतं?"

"कहाँ भाई! हमारे गाव में दो भाई मोटर पंप के लिए बात नहीं करते, इतना ही. तलवार किसके पास है? कुकर का ढक्कन ढूँढने में आधा घंटा जाता है." गुरुप्रसाद चालता चालता थांबला. "आप भांजे से बात क्यों नहीं करते?"

नजीब गावाबाहेरच्या माणसाशी हे कधी बोलला नव्हता. आज बोलला. कुलूप, काठ्या, कोर्ट, भिंत, सगळं.

"मगर झगड़ा किसका था? जमीन?"

"देग का."

"देग मतलब?"

"बर्तन. बिर्याणी का बर्तन."

गुरुप्रसादने त्याच्याकडे बघितलं, ओठ दाबून धरले, पण जमलं नाही. फुटपाथवर बसून तो हसला. "सॉरी भाई... इक्कीस साल... पतीले के लिए!"

"हसू नको!" नजीब एवढ्या जोरात ओरडला की शेजारच्या दुकानातला न्हावी वस्तरा घेऊन दारात आला. "इज्जतीचा सवाल होता!"

"हाँ हाँ, इज्जत," गुरुप्रसाद डोळे पुसत उठला. "वो पतीला अब कहाँ है?"

नजीब पुढे चालू लागला. दोन्ही जमातींनी नव्या देगा घेतल्या होत्या. ती जुनी देग त्याच खोलीत कोर्टाच्या सीलखाली होती, आणि तिच्या बुडाला गेल्या पावसाळ्यात भोक पडलं होतं. हे काही तो गुरुप्रसादला सांगणार नव्हता.

शनिवारी सकाळी गुरुप्रसाद आंघोळीला गेला तेव्हा नजीबने कागद जमिनीवर पसरला आणि त्यावर स्वतःचा उजवा पाय ठेवला. पाय मोठा होता, रेघेबाहेर जात होता. पण अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याच्या पुढे गेलेलं, तसंच. बापाचं तसं होतं, आजोबांचं तसं होतं. नाखव्यांचा पाय. आणि बाहेरची ती दुसरी रेघ, संध्याकाळच्या सुजेची. ती थरथरली होती. पेन धरून वाकायला तिला त्रास झाला असणार, किंवा दुसऱ्या कुणी मारली असेल. त्याला माहीत नव्हतं. महमुदाचे पाय सुजतात हेच त्याला माहीत नव्हतं.

त्याने बॅग उघडली. काटा तीस किलो दाखवत होता, हातातल्या पिशवीचे सात भरले होते. सगळ्यात वर ताहिरची पिशवी होती, दूधपावडरचे दोन डबे, मिळून दोन किलो. ताहिर म्हणजे बहारीनमधल्या नाखवा जमातीचा सेक्रेटरी, नियम लिहिणारा. नजीबने ती पिशवी बाहेर काढली आणि त्याला फोन लावला.

"तुझं सामान येत नाही."

"का? वजन जास्त झालं?"

"नाही. महमुदाच्या चपला न्यायच्यात."

पलीकडे ताहिरने पंखा बंद केला. मग ताहिर म्हणाला, "नजीब, नियम तुला ठाऊक हायेत. ठरावावर पहिली सही तुझीच हाय."

"माझीच. म्हणून खोडायचा हक्कपण माझाच पहिला."

"जमातीबाहेर जाशील. तिकडे तुझ्या पोराच्या लग्नाला देग कोण देईल?"

"केटररकडून मागवीन," नजीब म्हणाला. "तुझ्या देगेत मीठ कमीच असतं."

त्याने फोन ठेवला. एकवीस वर्षं ज्यांच्या पंगतीत बसला ती पंगत त्याने एका फोनमध्ये सोडली होती. विमानतळावर उतरेपर्यंत गावात बातमी पोचलेली असणार. गुरुप्रसाद टॉवेल गुंडाळून दारात उभा होता.

"भांजे का नंबर देऊं?"

इतक्या वर्षांत मामाकडे भाच्याचा नंबर नव्हता. नेल्लूरच्या माणसाकडे होता.

दुपारी राहील ड्युटीच्या पिवळ्या जॅकेटात विमानतळाच्या दाराशी आला. चपलांची पिशवी त्याच्या हातात होती, पण तो ती पुढे करत नव्हता. मामा शेवटच्या क्षणी फिरेल अशी त्याला धास्ती असावी. नजीबने पिशवी ओढून घेतली, काट्याला लावली. अकराशे ग्रॅम.

"दुकानदाराने सुजेच्या मापाच्या दिल्या ना? सकाळच्या नाय?"

"संध्याकाळच्याच दिल्या."

"बरं केलंस." नजीबने चपला बॅगेत घातल्या, चेन लावली आणि दूधपावडरची पिशवी राहीलच्या हातात दिली. "ही हूऱ्यात ताहिरच्या खोलीवर परत कर."

"मी?" राहील दचकला. "मुकादम त्याच्या दारात गेला तर तो दार तरी उघडेल का?"

"नाय उघडणार. पावडर त्याच्या नातवंडांची हाय, दाराबाहेर टाकून येऊ नकोस. बेल वाजवत बस. उघडलं की सांग, मामूने पाठवलंय."

राहील हसला. तीन वर्षांचा असताना खांद्यावर बसून हसायचा, तसंच.

"आणि मामू, अम्मीला काय सांगू? तुमी येताय?"

नजीब ट्रॉली ढकलत होता, थांबला. खिशातला कागद अजून खिशातच होता, घडीवर घडी.

"काही सांगू नकोस. मीच जाईन," तो म्हणाला. "आधी तिच्या दारात उभा राहीन. ती म्हणाली आत ये, तर आत."

"आणि नाय म्हणाली तर?"

"तर चपला पायरीवर ठेवीन आणि अंगणात उभा राहीन. तेवढं तिने केलंय."

राहीलला कामावरून हाक आली. नजीबने बॅग पट्ट्यावर ठेवली. काटा तीसच्या खाली थांबला, नऊशे ग्रॅम शिल्लक.