कुपवाडच्या चरावरचा पत्रा

सांगलीला चाललोय, काय काय बघू, असं एका वाचक मैत्रिणीनं विचारलं आणि मी लिहायला बसले. आम्ही पहिल्यांदा तिकडे गेलो ते सत्तरच्या दशकात, लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा. मला खरं तर पाचगणीला जायचं होतं. पण ह्यांच्या थोरल्या मामांचा सांगलीजवळच्या कुपवाडहून निरोप आला. पंप वेळेवर मिळत नाहीत म्हणून पुण्याचं मोठं गिऱ्हाईक तुटायला आलंय, तू कारखान्यात असतोस तर येऊन जरा बघ. भाच्यानं लगेच रजा टाकली. पाचगणी येताना करू, असं मला सांगण्यात आलं. ते येताना अजून आलेलं नाही.

एसटीनं निघालो. खंबाटकीच्या घाटात गाडी तापली, ड्रायव्हरनं पाणी ओतलं, तोवर आम्ही खाली उतरून पेरू खाल्ले. आता बोगद्यातून जाणाऱ्यांना हा योग नाही. साताऱ्यात मुक्काम केला आणि संध्याकाळी कंदी पेढे घ्यायला गेलो. हलवाई भट्टीपाशी खवा भाजत होता आणि साखर आणायला सारखा मागच्या खोलीत जात होता. झालं, आमचे हे पेढा विसरून त्याच्या फेऱ्या बघत बसले. माल बनवण्यापेक्षा तो इकडून तिकडे नेण्यातच जास्त वेळ जातो, असं काहीतरी ते कारखान्यात नुकतंच शिकले होते आणि दिसेल त्याला सांगत होते. "साखर इथंच का ठेवत नाही?" त्यांनी विचारलं.

"सायेब, हितं ठिवली तर येनारं-जानारं चिमूट चिमूट उचलतंय," हलवाई म्हणाला. मी हसले. ह्यांना काही ते पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी कराड, पुढे पेठ नाक्यावर चहा, आणि तिथून दोन्ही बाजूंनी ऊस. रस्ता खराब होता, भाडं मात्र आमच्या खिशाला झेपेल असं. सांगलीच्या स्टँडवरून टांगा करून कुपवाडला पोहोचलो.

थोरल्या आणि धाकट्या मामांचा पंपांचा धंदा एकत्र, पण शेड दोन, समोरासमोर. मध्ये पावसाच्या पाण्याचा उघडा चर. लेथ थोरल्यांकडे, ड्रिल मशीन आणि चाचणीची टाकी धाकट्यांकडे. पंपाची बॉडी इकडे कातायची, भोकं पाडायला तिकडे न्यायची, जोडणीला परत इकडे आणायची आणि चाचणीला पुन्हा तिकडे. दर वेळी भरलेला हातगाडा चरापाशी अडायचा. मग एकानं इकडून, एकानं तिकडून धरून तो उचलायचा. शेडमध्ये माणसं असूनही उचलायला दोघे मामाच पुढे व्हायचे. गावाकडच्या विहिरीवर पाण्याच्या पाळीवरून भांडण झाल्यापासून त्यांचं बोलणं बंद होतं. उचलताना "हं" म्हणायचे, तेवढंच.

ह्यांनी पहिल्याच दिवशी रोगाचं निदान केलं. ड्रिल उचलून लेथशेजारी आणा, निम्मा उशीर संपेल. थोरले मामा म्हणाले, जागा न्हाई. ह्यांनी जागा काढून दाखवली. मग म्हणाले, खाली काँक्रीट भरावं लागंल. त्याचीही तयारी दाखवली. मग म्हणाले, "दिवाळी होऊ दे, बघू." मिस्त्रीचं वेगळंच. "काम बिगीनं आटपलं तर दुपारनं आमाला घरी धाडतील," असं तो मला हळूच म्हणाला. रात्री हे चिडून मला सांगायचे, "ह्या लोकांना सुधारायचंच नाही." मीही मान डोलवायची. मला तरी कुठं काय कळत होतं?

मधल्या दिवसांत मी थोरल्या मामींबरोबर सांगली बघितली. गणपतीचं देऊळ, कृष्णेचा घाट, आयर्विन पुलावरचा वारा. घाटावर संध्याकाळी बसा आणि भडंग तिखटच घ्या, एवढा माझा सल्ला.

निघायच्या आदल्या दिवशी ह्यांनी हार मानून छोटा उपाय केला. एक जाड लोखंडी पत्रा आणून चरावर टाकला. ह्याला कोणी नाही म्हणालं नाही. दोघे मामा आपापल्या बाजूला उभे राहून बघत होते. एका माणसानं भरलेला गाडा ढकलत पलीकडे नेला. "झ्याक झालं," थोरले मामा म्हणाले. धाकटे आत गेले.

स्टँडवर सोडायला आलेल्या मामींनी हळदीची पुडी माझ्या पिशवीत घातली आणि म्हणाल्या, "गिऱ्हाईक ऱ्हाईल आता, बरंच झालं. पन पोरी, गाडा उचलायच्या निमतानं दोघं समोर तरी येत हुती. आता ह्यांस्नी भावाचं तोंड कवा दिसायचं?"

गाडी सुटल्यावर मी हे ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मामा मला तसं बोलले का नाहीत?"

"काय बोलणार होते? ड्रिल तिकडंच असू दे, मला भावाला बघायचं असतं, असं?"

पाचगणीचा विषय मी काढला नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. गिऱ्हाईक टिकलं होतं, काम वाढलं होतं, गाडा ढकलायला गडी ठेवला होता. हे थेट धाकट्या मामांकडे गेले आणि पत्रा काढू का म्हणून विचारलं.

"थोरल्यानंच टाकून घेतला न्हवं?" धाकटे म्हणाले. "त्येला माज्यासंगं उचलायचं नको झालं आसंल."

थोरल्या मामांना विचारलं, तर ते म्हणाले, "त्यो समोर हुबा हुता. नको म्हनाला न्हाई. मी काय समजायचं?"

"ती कल्पना फक्त माझी होती," असं ह्यांनी दोघांनाही शपथेवर सांगितलं. थोरल्या मामांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आसंल गड्या. पन आता काढला तर लोक इचारतील, चांगला पत्रा का काढला. त्यास्नी काय सांगायचं?"

पत्रा तिथंच राहिला. आता दोन्ही मामा नाहीत. शेवटपर्यंत ते एकमेकांशी बोलले नाहीत, ह्याचं मला आजही फार वाईट वाटतं. हे पुढे पुष्कळ वर्षं कारखान्यात होते. कुठलंही यंत्र हलवायच्या आधी, इथं कोण कोणाला भेटतं, असं विचारायचे. नवी पोरं हसायची.

मध्यंतरी मुलानं आम्हाला थर्मास आणून दिला, चहासाठी सारख्या फेऱ्या नकोत म्हणून. तो फळीवर तसाच आहे. दुपारी हे स्वयंपाकघरातून माझा कप घेऊन निघतात. दोघांनी धरावा एवढा काही तो जड नसतो. तरी मी उठते आणि अर्ध्या वाटेत पलीकडून धरते.