ड्रेसवाल्या अण्णांची खूण

आमच्या शहापुरातले ड्रेसवाले अण्णा सिनेमा बघून आले, की त्यांना गोष्ट काय होती ते कधीच सांगता यायचं नाही. हिरो शेवटी मेला की जगला, हेसुद्धा नाही! "ते काय की ओ बाई," म्हणायचे, "पन तेच्या झग्याला खांद्यावर आतनं पट्टी हाय. तेच्याबगर असा फुगतच न्हाय." त्यांची बायको आक्का कपाळावर हात मारून घ्यायची.

मी इथल्या शाळेत शिक्षिका. स्नेहसंमेलन आलं की माझी पहिली धाव अण्णांकडे. मावळे, पऱ्या, सगळे पोशाख त्यांच्याकडे मिळत. पण त्यांचा खरा जीव परदेशी सिनेमांतल्या मुखवटेवाल्या, उडणाऱ्या वीरांवर. "लांबनं दिसतंय की चांगलं, पुरे करा आता," असं मी एकदा घाईत म्हटलं, तर कसले तापले! "बघनारं लांब असतंय बाई. घालनारं पोरगं आतच असतंय की."

अण्णांचं घराणं विणकरांचं. त्यांच्या घरात एक रीत होती. दुसऱ्याचा नमुना बघून साडी विणली, तर पदराच्या कोपऱ्यात त्या विणकराची खूण घालायचीच. न घालणारा चोर. पुढं हातमाग बंद पडले, अण्णा शिलाई मशीनवर बसले, रीत तेवढी राहिली. म्हणून प्रत्येक पोशाखाच्या छातीवर ते त्या सिनेमा कंपनीचं चिन्ह भरायचे आणि आत कॉलरला कंपनीचं नाव, इंग्रजीत. "डोस्कं तेंचं, हात माजं," म्हणायचे. "मग तेंचं नाव नको?"

अण्णांच्या मुलानं पोशाखांचे फोटो ऑनलाइन विक्रीला टाकले. पुण्या-बेंगळुरूहून मागणी यायला लागली, आणि एक दिवस कंपनीच्या वकिलांची नोटीस आली. अण्णांना वाटलं, खूश होऊन काहीतरी पाठवलंय! मला वाचायला बोलावलं. बनावट माल विकून लोकांची फसवणूक, असं होतं त्यात. मला ते मोठ्यानं वाचवेना.

ओळखीच्या वकिलांनी समजावलं, की नाव आणि चिन्ह ही कंपनीची नोंदलेली मालमत्ता. परवान्याशिवाय वापरता येत नाही.

"परवाना काढतो की मग," अण्णा म्हणाले.

"तो मोठ्या कारखान्यांना देतात, अण्णा. अन् नुसता झगा शिवला असता, तर कदाचित एवढं अंगाशी आलं नसतं. नाव घातलंत, तिथं सापडलात."

"नाव न्हाय घातलं तर चोरी ओ सायेब. घातल्यावर कशी?"

वकिलांचं उत्तर कायद्याचं होतं, आणि चूकही नव्हतं. ज्याचं चिन्ह त्यानं जपावं, एवढं मलाही कळतं. पण त्या दिवशी मला भयंकर राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही.

तडजोड झाली. पोशाख कंपनीच्या माणसासमोर नष्ट करायचे, पुन्हा शिवायचे नाहीत. तो माणूस आला, भला होता बिचारा. म्हणाला, "कात्री मारा, चालेल." अण्णांनी कात्रीला हात लावला नाही. सुईनं एकेक चिन्ह उसवत बसले.

"अवो, टाकूनच द्यायचं हाय की ते!" आक्का म्हणाली.

"असू दे. तेंचं नाव हाय. फाडायचं न्हाय."

त्यानंतर अण्णांनी मशीनवर कापड घेतलंच नाही. मावळ्याचा अंगरखासुद्धा शिवेनात. "कुनाचा नमुना असंल, कुनाला ठावं," म्हणायचे. माणूस आतून खचत गेला. शेवटच्या दुखण्यात मी भेटायला गेले, तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"बाई, मी चोर न्हवं, न्हवं?"

"अजिबात नाही ओ अण्णा."

"मग तेवढं त्या कंपनीला इंग्रजीत कळवा की."

मी कळवलं. होता नव्हता तेवढा जीव ओतून लिहिलं. अण्णांचं नाव, त्यांच्या घरची रीत, सगळं. उत्तर आलं तेव्हा अण्णांचा दहावा होऊन गेला होता. सगळ्यांना एकच जातं, तसलं यंत्राचं उत्तर. आमच्या उत्पादनांत रस दाखवल्याबद्दल आभार, बस्स.

"काय म्हनत्यात ओ?" आक्कानं विचारलं.

"आभार मानलेत," मी म्हटलं.

आक्का उठली, पदरानं तोंड पुसलं आणि भिंतीवरच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली. "ऐकलंसा?" ती म्हणाली. "आभार मानल्यात तेंनी."