फाईलीतली मराठी ओळ

नागापूरच्या एमआयडीसीत एका लहान कारखान्यात मी तपासणी खोलीत कामाला लागले. आम्ही पंपाचे शाफ्ट बनवायचो. मोजणीचं मशीन प्रत्येक शाफ्टची मापं कॉम्प्युटरला द्यायचं आणि त्यांचा रिपोर्ट काढायला एक प्रोग्रॅम होता. त्याला बटणं वगैरे नव्हती. काळ्या स्क्रीनवर कमांड टाईप करायची आणि तिच्यापुढे अकरा पर्याय: एकक कोणतं, दशांशानंतर आकडे किती, मापात फरक किती चालेल, असे. तपासणी खोलीच्या साहेबांनी ती लांबलचक ओळ कागदावर लिहून भिंतीला चिकटवली होती. प्रत्येक लॉटला बघून टाईप करायची.

एका दुपारी माझ्याकडून दशांशाचा पर्याय राहिला. रिपोर्टात तीनऐवजी दोनच आकडे आले आणि गिऱ्हाइकाने अख्खा लॉट परत पाठवला. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "राजूरला हेच शिकवतात का? बघूनसुद्धा लिहिता येत नाही?"

चूक माझी होती, कबूल. पण त्यात माझं गाव, राजूर, कशाला काढायचं? आणि दिवसातून वीस वेळा अकरा गोष्टी न चुकता टाईप करायच्या, ही तरी कुठली पद्धत? जेवणाच्या सुट्टीत मी प्रोग्रॅमची माहिती वाचायला बसले. इंग्रजी किचकट होतं. चौथ्या दिवशी सापडलं: त्याच फोल्डरमध्ये सेटिंगची एक फाईल ठेवली, की प्रोग्रॅम सगळे पर्याय तिच्यातून वाचतो. हाताने टाईप करायला एकच शब्द उरतो.

मी फाईल केली. प्रत्येक पर्यायाच्या वर टीप म्हणून एक ओळ लिहिता येत होती, प्रोग्रॅम ती सोडून देतो. तिथे मी मराठीत लिहिलं, हा आकडा कशाचा ते. कारण माझ्याबरोबर ताई होत्या. पाथर्डीकडच्या, आई-बाप ऊसतोडीला जायचे म्हणून शाळा सातवीत सुटलेली. मोजणीत त्यांचा हात कुणी धरणार नाही, पण ती इंग्रजी ओळ त्या एकेक अक्षर बघून उतरवायच्या. फाईल वाचून म्हणाल्या, "आगं, हे तर समजतंय की मला! इतके दिस नुसती चित्रं काढीत हुते मी."

साहेबांना कळायला दोन दिवस लागले.

"ही फाईल काढून टाक. हाताने टाईप केलं की माणूस सावध राहतो."

"मी सावध असतानाच चुकले, साहेब. मी नाही काढणार. तुम्हाला काढायची तर मालकांना सांगून काढा."

त्यांनी काढली नाही. स्वतः मात्र हट्टाने पूर्ण ओळच टाईप करत राहिले.

पुढे नवा शाफ्ट आला, त्यात मापातला फरक आधीपेक्षा निम्माच चालणार होता. मी त्याची वेगळी फाईल केली. घाईच्या दिवशी रिपोर्ट साहेबांनीच काढला आणि सवयीने भिंतीवरचा जुना आकडा टाईप केला. फाईलीत काहीही असो, हाताने टाईप केलेलं प्रोग्रॅम आधी मानतो. बाद व्हायला हवे होते ते शाफ्ट पास होऊन गेले. गिऱ्हाइकाने पकडले.

लॉट परत का आला ते लिहायचा फॉर्म साहेबांनी माझ्यापुढे ठेवला. "सेटिंगच्या फाईलीत चूक होती असं लिही आणि सही कर. विषय मिटेल."

"नाही लिहिणार. आधी फाईल उघडून बघू."

"तुला इथे काम करायचंय ना?"

"करायचंय. म्हणूनच खोटी सही करणार नाही."

मागून ताई म्हणाल्या, "अन् मला सांगाल तर मी बी न्हाई करनार. त्यात काय लिवलंय ते मला बी वाचता येतंय आता."

आवाज ऐकून मालक आत आले. मी फाईल उघडली, आकडा बरोबर होता. मग काळ्या स्क्रीनवर वरच्या बाणाचं बटण दाबत गेले, तशा आधी टाईप केलेल्या कमांड एकेक करून परत दिसत गेल्या. त्यात साहेबांची कमांड जशीच्या तशी वर आली, जुन्या आकड्यासकट. साहेबांचे कान लाल झाले. मला वाटला होता तेवढा आनंद काही झाला नाही.

मालक म्हणाले, "यापुढे फाईलच वापरायची. फक्त ते मराठी काढून इंग्रजीत कर, बरं दिसत नाही."

"फाईल गिऱ्हाईक बघत नाही, ताई बघतात," मी म्हणाले. त्यांनी स्क्रीनवरची मराठी ओळ एकदा वाचली आणि ते निघून गेले. मी ती परवानगी समजले.

साहेब नंतर महिनाभर माझ्याशी ताईंमार्फतच बोलत होते. पुढच्या शाफ्टची फाईल मी ताईंनाच करायला लावली. त्यांनी मापाच्या आकड्यावर ओळ लिहिली: ड्रॉइंग बघितल्याबिगर हे बदलायचं न्हाई.

ती वाचून साहेब म्हणाले, "निदान शुद्ध तरी लिहायला सांग."

मी म्हणाले, "ज्यांना वाचायचीय त्यांना कळते ती, साहेब. तशीच राहील."