रापीमास्तरची जाड अक्षरं

रापीमास्तर अक्षरं लिहीत नसे, खाटकासारखा तोडत असे. जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर चांभाराची रापी टेकवायची आणि पेन्सिलीची रेघही न मारता कापत सुटायचं. त्या साच्यावरून रंगाचा बोळा फिरवला की काळंकुट्ट, अंगावर येणारं नाव उमटे. त्याच्या ‘ब’ला गोलाई नव्हती, कोपरे होते. “गोल काढायला येळ कुनाला हाय?” म्हणत वर दात काढी.

पाचूबंदरच्या होड्यांवर तीच अक्षरं, उमेळ्याच्या सोडावॉटरच्या दुकानावर तीच, लग्नाच्या कमानीवर तीच. आणि गावात कोण गेलं ते कळवणारा मयताचा पांढरा फळा नाक्यावर होता, त्यावरही तीच. लग्नाला आणि मरणाला एकच थोबाड देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आणीबाणी उठली त्या वर्षी मी मुंबईत कला शिकून परतलो आणि बाबांच्या गाळ्यात त्याच्या शेजारी बसणं नशिबी आलं. तोंडावर मी त्याला मास्तर म्हणे. मनात काय म्हणे, ते लिहिण्यासारखं नाही. माझं नाजूक काम पाहून तो गिऱ्हाइकांसमोर ओरडे, “काय कलाकार, मुंगीच्या पायाला शाई लावून सोडलीस काय?” गिऱ्हाइकं खदखदत. मी ओठ आवळून रेघा ओढत राही.

एकदा मात्र हसता हसता म्हणाला, “मी गेलो की फळ्यावर जाड काप रे बाबा. बारीक अक्षरातलं मयत कुनाला दिसत नाय.”

मी “बरं” म्हटलं.

तो तापाने गेला, तेव्हा एकेका अक्षराचे त्याचे साचे खिळ्याला लटकत होते. काढायचे, बोळा फिरवायचा, संपलं. पण मी बारीक ब्रश घेतला. जन्मभर घाण केली, निदान शेवटचं नाव तरी सुबक असू दे, असं मनाशी म्हणालो. खरं सांगायचं तर मला जिंकायचं होतं. फळा देखणा झाला.

संध्याकाळी त्याला न्यायला शेजारपाजारची मूठभर माणसं होती. ज्यांच्या होड्यांवर त्याने आयुष्यभर नावं छापली, त्या पाचूबंदरचं एकही माणूस नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एक कोळीण गाळ्यात आली. “मास्तर कुठं? नारळी पुनव आली, होडीचं नाव काढायचं हाय.”

“मास्तर गेले. काल नेलं.”

तिने डोक्यावरची पाटी खाली ठेवली. “काल? काल त्या फळ्यासमोरूनच गेले ना मी! जाड काळं दिसलं की आमी थांबतो. मला वाटलं, कसली तरी जाहिरात हाय.” मग पदराने तोंड पुसत म्हणाली, “कुनी लिवलं ते?”

मी बारीक ब्रश उचलून डब्यात टाकला. तो फळा मी लिहिला, हे इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नाही.

साचे अजून माझ्याकडे आहेत. आजही पाहिले की किळस येते. माझ्या मयताच्या फळ्यासाठी मात्र तेच वापर, असं मुलाला सांगून ठेवलंय.