तळव्याचे फोटो

मॅक्रो लेन्स घ्यायचं डोक्यात शिरलं तेव्हा माझ्याकडे सगळ्यात स्वस्तातला डीएसएलआर होता आणि अक्कल सगळी यूट्यूबवरची. मॅक्रो म्हणजे मुंगीचे डोळेसुद्धा दाखवणारी लेन्स. माझ्या आवाक्यातल्या दोन होत्या. एक आखूड, हलकी, पण तिच्यासाठी फुलाच्या अगदी अंगावर जावं लागतं आणि आपलीच सावली पडते. दुसरी लांब. ती जड, हात जरा हलला की फोटो गेला, उजेडही भरपूर मागते. पण हातभर दूर राहून काम होतं. महिनाभर मी बायकोचं डोकं खाल्लं. शेवटी पैठण गेटजवळच्या दुकानदाराने निकाल लावला.

"फूल खींचना है तो छोटी लो, तितली खींचनी है तो लंबी. नजदीक गए तो उड़ जाती ना भाई."

मला फुलपाखरं हवी होती. आता पुंडलिकनगरात फुलपाखरं ती कुठली, मोकळ्या प्लॉटवरच्या घाणेरीच्या झुडपांवर बसतात तेवढीच. तरी लांब घेतली. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माशीचा फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि म्हणाले, "लई जवळून बघितलं म्हणून काय माशीची गाय व्हती व्हय?"

चैत्रात आबा भद्रा मारुतीला अनवाणी चालत गेले. दरवर्षी जायचे. नवस नाही, मागणं नाही, जायचं म्हणून जायचं. मी अडवलं असतं तर दोन दिवस बोलले नसते. साखरेच्या जुन्या आजारामुळे त्यांच्या पायांना जाण उरली नव्हती. येताना डांबरावर उजवा तळवा भाजला आणि त्यांना पत्ताच नाही. घरात फरशीवर ओले डाग उमटले तेव्हा आम्हाला कळलं.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. जखम भरली तर ठीक, नाहीतर पाय जाईल, म्हणाले. पट्टी घरीच बदला, दर दोन दिवसांनी फोटो पाठवा. मोबाइलवरचे फोटो धुरकट आले, यातलं काही कळत नाही असा त्यांचा निरोप आला. मग मी कॅमेरा काढला. मला चांगलाच हुरूप आला होता. एवढ्या विचाराने घेतलेल्या लेन्सला पहिल्यांदाच खरं काम मिळत होतं.

लेन्सला उजेड हवा, म्हणून बायको टॉर्च धरायची. आणि सुनेसमोर आबा कधी बनियनवरसुद्धा बसलेले नाहीत. ती खोलीत यायच्या आधी ते गोधडी कमरेपासून घोट्यापर्यंत ओढून घ्यायचे, बाहेर फक्त पाऊल. उन्हाळा असा की पंख्याची हवासुद्धा गरम, तरी गोधडी.

"मामा, गोधडी जरा वर घ्या ना, उकडत असंल," ती एकदा आबांना म्हणाली.

"राहू दे बाई. जखम तर दिसती ना त्याला?"

दिसत होती. इतकी स्पष्ट की कडेची नवी कातडी गुलाबी होत चाललेली मोजून दाखवावी. डॉक्टरांकडून मोबाइलवर 'छान'चा अंगठा यायचा. आबांनी चष्मा पुसून फोटो पाहिला. "भरत आलीय की," म्हणाले, आणि त्या दिवशी नीट जेवले. आम्ही सगळेच निर्धास्त झालो.

मग एका दुपारी त्यांना हुडहुडी भरली. दवाखान्यात डॉक्टरांनी चादर भसकन बाजूला केली. घोट्यापासून पोटरीपर्यंत कातडी लालकाळी, फोड आलेले, आणि तो वास. जखम वरून भरत होती आणि आतून पू वर चढत होता. हे कधीपासून आहे, डॉक्टरांनी विचारलं. आबांना सांगता येईना, दुखतच नव्हतं तर. बायको तेव्हाही भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला. त्या गोधडीचा, आमच्या घरातल्या मर्यादेचा, अंगठे पाठवणाऱ्या डॉक्टरांचा, आणि हातभर लांबून तळव्याचा कण न् कण टिपणाऱ्या त्या लेन्सचा. कुणावर ओरडावं ते कळेना, म्हणून मी खाली जाऊन स्कूटरला लाथ मारली.

पाय गुडघ्याच्या वरून काढला.

 घरी आल्यावर एके दिवशी आबा म्हणाले, "माझा पाय दाखव. फोटो हैत ना तुझ्याकडं?"

नाही कसं म्हणणार? मी कॅमेरा दिला. बटण दाबत ते एकेक फोटो पाहत गेले. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मग पुन्हा उलटे.

"समदी जखमच हाय रं," ते म्हणाले. "पाय एकात बी नाय."

 तेवढ्यात बायको चहा घेऊन आत आली. आबांनी घाईघाईने गोधडी ओढली, जिथे घोटा असायचा तिथपर्यंत.