नान्सीबद्दलची एक ओळ

एलुनेद प्राइस म्हटलं तर आमच्या गावात कुणाला पटकन कळायचं नाही. वेल्समधल्या आमच्यासारख्या गावांत माणसाला आडनावापेक्षा काम जास्त चिकटतं. पाववाला, पोस्टवाली, कोळशेवाला. ही 'कुत्र्यांची एलुनेद'. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं बटाटे सोलून बाई निवृत्त झाली आणि पुढच्याच महिन्यात बेवारशी कुत्र्यांच्या शेल्टरमधून एक मरतुकडं कुत्रं बरं करायला घरी घेऊन आली. अकरा वर्षांत अशी एकोणीस झाली. खरजेनं सोललेली, कान सडलेली, माणसाचा हात दिसला की मुतणारी. ती त्यांना धडधाकट करायची आणि चांगलं घर मिळालं की देऊन टाकायची. दोन दिवस रडायची, येणाऱ्या-जाणाऱ्यावर खेकसायची आणि मग पुढचं आणायची.

देण्याआधी एक कागद लिहावा लागे. कुत्रं लहान मुलांत राहील का, मांजर चालेल का, कशाला भितं. ज्यानं सांभाळलं त्यालाच हे ठाऊक असणार, म्हणून शेल्टरमध्ये त्याचा शब्द कुणी मोडत नसे. त्यातून एलुनेदनं लिहिलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

विसावी नान्सी. पिल्लं विकणाऱ्या कुणा हरामखोरानं तिला सात वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये कोंडून वेतांवर वेतं काढून घेतली होती. बुटकी, लोंबत्या कानांची, तोंडात चार दात उरलेले. डॉक्टरीणबाई म्हणाली, "हृदय कमजोर आहे. वर्ष काढलं तरी पुष्कळ."

पहिले तीन आठवडे नान्सी कपडे धुवायच्या मशीनमागून हललीच नाही. एलुनेद ताट घेऊन स्वयंपाकघराच्या जमिनीवरच जेवायला बसायची. सत्तरीचे गुडघे, पण बसली ती बसलीच. बाविसाव्या दिवशी नान्सी सरपटत आली आणि तिनं हनुवटी एलुनेदच्या मांडीवर टेकली. पायाला मुंग्या आल्या तरी अर्धा तास बाई हलली नाही. घोटाळा झाला तो तिथंच.

मग ठेवून घ्यायची की सरळ! पण ते कसं जमणार? कुत्र्यात जीव अडकून ते ठेवून घेणाऱ्या बायांची तिनं अकरा वर्षं टिंगल केली होती. "एक ठेवून घेतलंत की पुढच्याची जागा गेली, एवढं कळत नाही का तुम्हाला?" असं चारचौघांत सुनावलं होतं. आता स्वतःच कुठल्या तोंडानं मागणार?

मे महिन्यात कोळशेवाला इद्वल नान्सीला बघायला आला. बायको जाऊन दोन वर्षं झालेली, घर खायला उठलेलं. चार गुरुवार ओळीनं आला, दर वेळी घरी शिजवलेली कलेजी घेऊन. दारातूनच ओरडायचा, "कुठंय माझी राणी?" आणि जी नान्सी टपालाच्या आवाजानंही दडून बसायची, ती धडपडत बाहेर यायची आणि त्याच्या बुटांवर पसरायची.

"बाई, ही माझ्याकडं यायला राजी दिसते," चौथ्या गुरुवारी तो म्हणाला. आनंदानं त्याचे कान लाल झाले होते.

"बघू," एलुनेद म्हणाली. आतून तिचा नुसता जळफळाट चालला होता.

तो गेल्यावर तिनं कागद काढला आणि लिहिलं, 'पुरुषांना घाबरते. पुरुष असलेल्या घरात देऊ नये.'

शेल्टर चालवणारी बेका चकित झाली. "मावशी, नक्की ना? इद्वलकाका तर म्हणत होते..."

"सांभाळली कुणी? तू की मी?"

दुसऱ्या दिवशी इद्वल दारात आला, टोपी हातात धरून. एलुनेदला वाटलं, आता हा भांडणार.

"माझा आवाजच मेला असला," तो म्हणाला. "जन्मभर गल्लीबोळांतून कोळसा ओरडत फिरलो. बुटांवर पडायची ती भीतीनंच असणार बिचारी, मलाच कळलं नाही. माफ करा, बाई." कलेजीचा डबा पायरीवर ठेवून तो निघाला. आत नान्सी त्याच्या आवाजानं वेडीपिशी होऊन दार ओरबाडत होती आणि एलुनेदनं दार पायानं दाबून धरलं होतं.

उन्हाळा सुखात गेला, खोटं कशाला बोला? ऑक्टोबरात एलुनेद ओल्या पायरीवरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ती हॉस्पिटलात, नान्सी परत शेल्टरच्या सिमेंटच्या खोलीत. कुत्री सांभाळणारी आणखी दोन घरं होती, पण दोन्हीकडं नवरे. कागदावर तर स्पष्ट लिहिलेलं.

"इद्वलकाका रोज विचारतात," बेका फोनवर म्हणाली. "म्हणतात, तात्पुरती तरी द्या. पण तुम्ही लिहिलंय ना..."

एक वाक्य बोलायचं होतं. एलुनेदनं ते गिळलं. "पंधरा दिवसांत घरी येते मी," म्हणाली.

ऑपरेशनची जखम चिघळली. पंधरा दिवसांचे सहा आठवडे झाले. रोज ठरवायची, उद्या सांगू. मग गावभर काय बोलतील ते डोळ्यांपुढं यायचं आणि उद्याचा परवा व्हायचा. सहाव्या आठवड्यात बेका फोनवर रडायलाच लागली. नान्सी तीन दिवस जेवली नव्हती. भिंतीकडं तोंड करून पडून होती, शेडमध्ये सापडली होती तशीच.

"तो कागद फाड," एलुनेद म्हणाली.

"काय?"

"फाड म्हणते ना! खोटं लिहिलं मी. आत्ताच्या आत्ता तिला इद्वलकडं ने."

फोन ठेवल्याचा तेवढा आवाज आला.

दहा दिवसांनी इद्वल हॉस्पिटलात आला. द्राक्षं आणली होती. खुर्चीवर बसला आणि हातातली टोपी फिरवू लागला.

"काल गेली," तो म्हणाला. "त्रास नाही झाला. शेवटपर्यंत माझ्या हातून खात होती. नऊ दिवस मिळाले मला, बाई, फार चांगले मिळाले." त्यानं नाक पुसलं. "बेकानं काही सांगितलं नाही, नुसती आणून सोडली. पण मला घाबरली नाही हो जराही. तुम्हीच तिची भीती घालवली असणार. तुमचे उपकार मानायला आलो."

मान हलवली असती तरी भागलं असतं. एलुनेदनं चादर मुठीत धरली.

"मी काही घालवलं नाही, इद्वल. ती तुम्हाला कधी घाबरतच नव्हती."

टोपी फिरायची थांबली. "कधीच?"

"पहिल्या गुरुवारपासून. मला द्यायची नव्हती, म्हणून लिहिलं तसं."

तो आवाज चढवेल, गावभर ऐकू जाईल एवढं ओरडेल, असं तिला वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे तिला मी हवा होतो," तो अगदी हळू म्हणाला.

मग उठला. पाण्याचा तांब्या रिकामा होता, तो नळावर नेऊन भरून आणला, तिचा हात पोचेल असा ठेवला आणि निघून गेला.