खळकाकांच्या दोन कादंबऱ्या

खळकाकांचं डोकं सकाळपासूनच तापलेलं. तीस वर्षं वाचनालयाच्या मागच्या खोलीत फाटकी पुस्तकं शिवणारा माणूस. बोटांवर कायम खळ वाळलेली, म्हणून हे नाव. आणि आज नव्या ग्रंथपाल बाईंनी फर्मान काढलं: पाच वर्षांत कुणीच घरी न नेलेली पुस्तकं रद्दीत.

ढिगात काकांच्या लाडक्या दोन कादंबऱ्या निघाल्या. दोन्ही उद्याच्या जगाच्या. एकीत सरकार दारोदार फिरून लेखण्या जप्त करतं, तोंड उघडेल त्याला उचलून नेतं. दुसरीत कुणी कुणाला बोटही लावत नाही. घरोघरी फुकट करमणूक येते आणि लोक हसता हसता विचार करायचंच विसरतात. यातलं खरं काय होणार, यावरून काका जुन्या ग्रंथपालांशी हमरीतुमरीवर यायचे. काका दंडुक्याच्या बाजूचे. गोडीगुलाबीनं कुणी गुलाम होतं का, म्हणायचे.

दोन्ही पुस्तकं काखोटीला मारून ते तरातरा बाईंच्या टेबलाशी गेले.

"ही कपाटातून हलायची नाहीत. सांगून ठेवतो."

"बसा ना काका. चहा सांगू?"

काकांचं पित्त आणखीच खवळलं. भांडायलाही समोर कुणीतरी लागतं की नाही?

"चहा गेला खड्ड्यात. कुणाच्या हुकमानं टाकताय?"

"हुकूम कसला? कुणी वाचतच नाही." बाईंनी पुस्तकाच्या मागची तारखांची चिठ्ठी दाखवली. तारखेचा एकही शिक्का नव्हता.

"मी वाचलीत. अकरा-अकरा वेळा."

"मग नोंद?"

काकांनी कोऱ्या चिठ्ठीवरून बोट फिरवलं. घरच्या माणसाला कसली नोंद, या तोऱ्यात पुस्तकं शिवता शिवता तिथंच वाचली होती. वर्षाला एक शिक्का मारून घेतला असता, तर ती रद्दीत टाकायची कुणाची बिशाद नव्हती. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली त्यांना.

"आता जुनी नोंद कॉम्प्युटर घेणार नाही हो," बाई हळहळल्या. "तुम्ही घेऊन जा ना घरी. कोण विचारतंय?"

"घरी नेऊन काय करू? मला तोंडपाठ आहेत. दुसऱ्या कुणाच्या तरी हाती पडायला हवीत."

बाईंनी मान डोलावली आणि पुढची यादी उघडली.

काका पुस्तकं पुन्हा काखोटीला मारून तणतणत दाराशी आले. तिथल्या पहारेकऱ्याचं कामच येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पिशव्या तपासण्याचं. तो मोबाइलमध्ये बघून खुदुखुदु हसत होता.

"वाचनालयाची पुस्तकं पळवतोय मी," काका मुद्दाम मोठ्यानं म्हणाले. "अडव."

त्यानं वर न बघताच पाय आवरले आणि काकांना वाट करून दिली.